दोन यू

गुरुवार. भोसरीत वीज नव्हती, मग आली,
आणि तांबोळींचा फोन:
मॅडम, कॉम्प्युटर उठला,
पण गणपतीतच उठला.
इथे दिवाळी तोंडावर आलीय.
गेल्या आठवड्याचं एकही ड्रॉइंग नाही.

धनकवडी ते नाशिक फाटा, सगळ्या सिग्नलना
मी एकच घोकत होते:
डिस्क दोन, दोघींवर तेच. मग हरवलं कुठून?

चालू केल्यावर काळ्या पडद्यावर चार सेकंद
फर्मवेअर आपली पाटी दाखवतं.
डिस्क दोन, नाव एक, तब्येत ठणठणीत.
मग लिनक्सला जाग येते
आणि त्याला दिसतात दोन वेगळी बिऱ्हाडं.
हे जोडपं आहे
हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी कुणी सुधन्वा हर्डीकर
बायोसमध्ये एक पर्याय दाबून कॅनडाला गेला.
त्याची खूण डिस्कच्या शेवटच्या पानावर.
मागून मी आले, कुणाला न विचारता
माझं मिररिंग त्यावर चढवलं.
माझी खूण पहिल्या पानाशी.
सह्या दोन्ही खऱ्या.
शेवटचं पान उलटून बघायचं
मला सुचलं नाही.

एक डिस्क गणपतीत गळाली होती.
दुसरी महिनाभर एकटीच लिहीत राहिली.
आज वीज आल्यावर फर्मवेअर आधी उठलं
आणि त्याने गळालेलीलाच पुढे केलं.

"यातली मूळ कोणती?" तांबोळींनी विचारलं.
मूळ नसते, म्हटलं. जिच्यावर शेवटचं लिहिलं, ती.
आणि ते पाटीवालं?
ते फक्त दार उघडतं. दिवसभर राबतो तो कर्नल.
"म्हणजे आमचे थोरले बंधू," तांबोळी म्हणाले.
"शटर वर करतात, चहा घेतात, जातात.
पण बँक त्यांनाच ओळखते."

पाटी पुसता आली असती.
पण वायरकटचं सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं
आणि विंडोजला हर्डीकरचीच खूण कळते.
लिनक्सलाही ते अक्षर वाचता येतं,
त्याच खुणेवर ते निमूट काम करतं,
हे मला फार उशिरा कळलं.

आधी सगळं तिसऱ्या डिस्कवर उतरवलं.
आरसा म्हणजे तिजोरी नव्हे.
मग कुठून कुठे, ते तीनदा वाचलं,
एंटर दाबायला बोट उचलेना.
आणि माझी सही मीच पुसली.

अकरा टक्के. एकोणचाळीस.
सुट्टीच्या एमआयडीसीत एवढी शांतता
की डिस्कचं कुरतडणं ऐकू येत होतं.
रात्री नऊला कंसात शेजारी शेजारी
दोन यू उभे राहिले.

चेकवर सही करायला थोरले तांबोळी
खास घरून आले. "झालं ना?" एवढंच.

गळालेल्या डिस्कची सूचना जायची
जुन्या मॅनेजरच्या ईमेलवर.
तो पत्ता बदलायचा राहिला,
हे आठवलं तेव्हा
मी फाट्यावर होते, सिग्नल हिरवा.