चौकटीच्या खाली

सकाळी साडेआठला तार्तूत अजून अंधारच.
एमायोगी गोठून पडलीय.
तिच्या नावातच आई आहे,
पण जानेवारीत ती कुणाशी बोलत नाही.

मांडीवर पूर्वी लॅपटॉप बसायचा,
तिथं आता जागा उरलेली नाही.
म्हणून इस्त्रीचं टेबल.
ऊर्मासनं त्याची उंची बसवून दिली.
कापडावर एक जळका त्रिकोण आहे,
माझा माउस त्याच्याभोवती फिरतो.

काम पार्नूचं. माशांचे डबे.
धुरी दिलेल्या माशांचं लेबल, सोनेरी काठ, निळी पट्टी,
मधोमध एक मासा.
"निळा थोडा उबदार करता येईल का?"
आर्दो चौथ्यांदा विचारतोय.
बाहेर उणे एकोणीस.
करते बापडी, निळा उबदार करते
आणि लिहिते, "नक्कीच!"
उद्गारचिन्हासकट.

अकराची मीटिंग.
कॅमेऱ्यात मी खांद्यापर्यंतच.
खांद्यांना दिवस गेलेले नाहीत.
खांदे तेच, कानातलं तेच,
मागं वाळायला घातलेले मोजे तेवढे नवीन.
नऊ चौकटींत नऊ माणसं तिमाहीबद्दल बोलतात,
आणि दहावं, चौकटीच्या खाली,
माइक बंद न करता उचक्या देतंय.

काल रात्री एक पोस्टर टाकलं होतं, जुन्या पुस्तकांच्या बाजाराचं.
सकाळी एकशे बारा बदाम,
आणि कुणी ताल्लिनचा: "अक्षरांना श्वास घ्यायला जागा नाही."
मला तरी कुठंय?
दुसरा: "पिवळ्याला कावीळ झालीय."
नावं ठेवायला लोकांना वेळच वेळ.
इथं एकाला एक नाव ठेवायचंय
तर आठ महिने झाले, जमत नाही.

यादी फ्रिजवर आहे, ऊर्मासच्या अक्षरात.
तीन खोडलेली. एक त्याच्या आजोबांचं.
एक मला फार आवडतं,
पण त्याच नावाचा एक गिऱ्हाईक
माझे तेराशे युरो बुडवून गेलाय.
प्रत्येक नाव मी मोठ्या टाइपात मांडून बघते,
काळ्यावर पांढरं,
अक्षरांमधली फट कमीजास्त करत.
काही दिसतात देखणी, पण हाक मारवत नाही.
लेम्बितमधला शेवटचा त
दार आपटल्यासारखा.
फोल्डरचं नाव तूर्त "शीर्षक नाही".

त्यात सोनोग्राफीचा फोटो.
नको नको म्हणत कॉन्ट्रास्ट वाढवला.
नाक वर आलं. माझ्या आईचं.
आणखी थोडा वाढवला, नाक गेलं.
मागे. अजून एकदा मागे.
नाक परत आलं,
पण आता ते तिचंच होतं का, सांगता येत नाही.

पाळणा रीगात अडकलाय.
दर तासाला मी तो नंबर टाकते,
दर तासाला तो "मार्गावर" असतो.
सुईण युल्ले फोनवर हसते:
दिवस भरत आले की
कुणी मार्गावर राहत नाही, पोरी.

चार वाजता पुन्हा काळोख.
आर्दोचा निरोप: पहिला निळाच बरा होता.
मी दोन मिनिटं नुसती बसून राहते.
पहिला निळा शोधते,
"शेवटचं", "शेवटचं खरं", "शेवटचं आता पुरे"
या सगळ्यांच्या तळाशी तो असतो, थंडगार.

माशावर कर्सर धरलेला,
पोट टेबलाला टेकलेलं,
आणि आतून एक लाथ.
टेबल हललं, हात हलला,
मासा दोन पॉइंट डावीकडे सरकला.

मागे घ्यायला बोट गेलं होतं.
लांबून बघितलं, मग जवळून.
तिथंच बरा दिसत होता.

तसाच पाठवला.

पाळणा अजून रीगातच.