एक्कावन्न टक्के

नियम साधा आहे, पान अकरावर:
शंभरातले एक्कावन्न जण गरीब निघाले
तर सरकार पैसे देईल.
गळक्या पाइपांना, सोळा घरांच्या छपरांना,
बंद शाळेच्या वर्गांतून बारा बिऱ्हाडं बसवायला.
पन्नास निघाले तर नाही.

म्हणून डोरीन कोवालचिक,
नगरपालिकेची अर्धवेळ कारकून,
मार्चच्या चिखलात रबरी बूट घालून
गरिबी मोजत हिंडते.

टॅनर्स फोर्क. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत
चारशे बारा माणसं.
खाण मिटली त्याला बावीस वर्षं झाली,
पण कागदावर गाव अजून खातंपितं आहे.
जनगणनेनं विचारलं ती नेमकी
तुरुंगात पहारेकरी लागलेल्यांची घरं.

घरात चार जण? मग हा आकडा.
तुमची कमाई याच्या वर की खाली?
एवढंच. रक्कम सांगायची नाही, खूण करायची.
प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा,
पदरचा शब्द घालायचा नाही.

खाण चालू होती तेव्हा
संध्याकाळी कुंपणाशी बायका हेच विचारायच्या:
तुझा माणूस वर की खाली?

एकीनं वाक्य संपायच्या आत खूण केली
आणि दार लावलं.
एक जण सासऱ्यासमोर म्हणाला, वर.
मग गाडीपर्यंत पोचवायला आला
आणि काचेवर वाकून म्हणाला,
ते खोड. खाली लिही.

एल्वूड हॅकनी, वय एक्क्याऐंशी,
छपरावर निळी ताडपत्री, चार कोपऱ्यांना चार विटा.
त्यानं कॉफी दिली. कप एकच होता,
म्हणून स्वतः उभा राहिला.
प्रश्न पुरा ऐकून घेतला.
"मी गरीब नाही, डोरीन.
मी म्हातारा आहे. त्याची खूण कुठे करायची?"

झाकली मूठ सव्वा लाखाची,
ही म्हण त्याच्या कानावर कधी पडली नसेल.
मूठ मात्र होती, टेबलाच्या कडेवर,
दोन बोटं खाणीत ठेवून आलेली,
उरलेल्या तिघांनी घट्ट धरलेली.
डोरीननं लिहिलं: उत्तर दिलं नाही.
कप विसळून पालथा घातला.

गुरुवारी रात्री तिनं बेरीज केली.
दोनशे नऊ.
पन्नास पूर्णांक त्र्याहत्तर.
पुन्हा केली. बेरीज भिडस्त नसते.
एल्वूडला त्याच्या नकळत धरला असता
(पेन्सिल हातात होती, बघणारं कुणी नव्हतं)
तरी पन्नास पूर्णांक सत्त्याण्णव.
एवढ्याशा फटीतून
अख्खं गाव निसटतं.

यादीत एक ओळ पहिल्या दिवसापासून कोरी होती.
ब्रिज स्ट्रीट, क्रमांक चौदा. माणसं दोन.
शेवटी करू, शेजारच आहे,
असं ती म्हणत आली होती.
शेजार कसला, तिचंच घर.

लोकांच्या मुठी उघडत
महिनाभर दारोदार फिरली ती.

आता स्वयंपाकघरात, बूट न काढता,
फ्रिजवरच्या थकलेल्या वीजबिलाकडे पाठ करून
तिनं तो कागद समोर धरला
आणि छापलाय तसाच, मोठ्यांदा वाचला:
घरात दोन जण? मग हा आकडा.
तुमची कमाई याच्या वर
की

आतून वेस्लीनं विचारलं,
"आई, कोण आलंय?"

"सर्व्हेवाली बाई."

"मग? आपण येतो का त्यांच्या मोजणीत?"

पेन्सिल ठेवून
ती ड्रॉवरमध्ये शाईचं पेन शोधत राहिली.
तिथे रबर बँड होते, दोन मेणबत्त्या,
खाणीच्या फाटकाची एक जुनी किल्ली.

"येतो," ती म्हणाली.
"दोघंही."