दुसरी शिष्टीम

बातमी आणली धकातेच्या मधुसूदननं,
कुरियरच्या पिशवीतून, पार्सलांच्या सोबतच.
सेहेचाळीस डिग्री, कूलरला पाणी नाही,
आणि हा दारातूनच, "ऐकलं काय वो ताई,
तो लाखाचा फोन येऊन राहिला,
अन् मागाल तर त्याच्यात
अलग शिष्टीम टाकून देतेत म्हणे.
कोणाले काहीच कळवत नाही तो."

मी मायक्रोस्कोपवरून डोळा काढला नाही.
पोळलेल्या बोर्डावर आयसीचे पाय सरळ करायचे होते,
केसाहून बारीक.
अफवेला पाय नसतात, म्हटलं, ती थांबेल.

थांबली नाही.
चहा येईस्तोवर बर्डीची अख्खी गल्ली फिरली.
कव्हरवाल्या लखीचंदकाकांनी
न जन्मलेल्या फोनची तीन डझन कव्हरं मागवली.
इद्रिस म्हणाला, कंपनीची दोन माणसं
त्याच्या साल्यानं सोनेगावला विमानातून उतरताना पाहिली,
काळ्या बॅगा होत्या.
बॅगा काळ्याच असतात, इद्रिस.
दुसऱ्या दिवशी, तर्री-पोह्यांच्या गाडीवर,
तो फोन मराठीतून विचार करू लागला होता.

मग ज्याला जी हवी ती शिष्टीम त्यात होती.
मधुसूदनला असा नकाशा हवा
जो त्याचं थांबणं साहेबाला सांगणार नाही.
फुटाळ्यावर सात मिनिटं,
नुसतं पाण्याकडे बघत.
रिटायर तारमास्तर बोकारे म्हणाले,
"आम्ही तार पोचवायचो आणि विसरायचो.
तसं यंत्र असेल तर सांग."
मरणाच्या तारासुद्धा विसरायचे?
"त्या सगळ्यात आधी."

सोनकली मडावी धानोऱ्याची, मेडिकलला नर्सिंग शिकते,
तिच्या फोनचा स्पीकर बसला होता.
पैसे देता देता बिलाच्या पाठीवर
तिनं गोंडीत काहीतरी लिहिलं.
"ताई, त्याच्यात आमची अक्षरं राहतील काय?"
मी म्हटलं, बघते.
काय बघणार होते, मलाच माहीत नव्हतं.

माझ्या खणात एक फोन पडून होता,
तीन वर्षांपूर्वीचा लाखाचा,
कोपरा फुटलेला, चिठ्ठी चिकटलेली: उद्या येतो.
त्या रात्री शटर अर्धं ओढलं
आणि त्याचं सगळं पुसलं.
बारा टक्के. एकोणचाळीस टक्के.
एकाहत्तरवर तो मेला.
केबल बदलली, घाम पुसला,
शिवी दिली, माझ्या आईला चालली नसती अशी.
पावणेदोनला तो उठला.

पडद्यावर काही नाही.
कोणी नमस्कार केला नाही,
कोणी विचारलं नाही तू कोण, वय काय, कुठली,
तुला काय आवडतं ते आम्हीच सांगू का.
फक्त घड्याळ:
एक जानेवारी सत्तर, पहाटेचे साडेपाच.
माझ्या जन्माच्या अकरा वर्षं आधी.
मी तशीच बसले थोडा वेळ,
अजून कुणी काही न बिघडवलेल्या त्या पहाटेत.

कॅमेरा चालत नव्हता, हेही सांगायला हवं.
बँकेनं आत घेतलं नाही,
म्हणाली, या यंत्रावर आमचा भरवसा नाही.
आणि गोंडीच्या जागी आले
चौकोन, चौकोन, रिकामे चौकोन,
भाड्यानं देणे लिहिलेल्या खोल्यांसारखे.
पण या घराला कुलूप नव्हतं.
अक्षरं बाहेरून आणून ठेवता येत होती.

महिना झाला. कंपनी काहीच बोलली नाही,
हो नाही, नाही नाही.
कव्हरं मात्र आली,
लखीचंदकाका ती आता चष्म्यांसाठी विकतात.

सोनकलीला निरोप पाठवलाय:
रविवारी ये. अक्षरं घेऊन ये,
सगळी, कागदावर, मोठी मोठी काढून.
चिठ्ठीवाला आला तर
त्याला काय सांगायचं ते मी बघते.