वाहतूक परवाना

लकडगंजात बावीस वर्षं मी लाकूड मोजतो.
लांबी, घेर, घनफूट.
झाड कुठं उभं होतं हे विचारायची रीत नाही.
ओंडक्यावर जंगलखात्याच्या हातोड्याचा शिक्का असतो,
तेवढा पुरतो.

तुमला कास्देकर आमच्या आऱ्याखालचा भुसा भरायचा.
मेळघाटचा. कोरकू.
पोळ्याच्या आदल्या रात्री त्याची बायको मेडिकलमध्ये गेली.
गावी न्यायला गाडीभाडं नव्हतं,
माती इथंच दिली.

महिन्यानं माझ्या टेबलापुढं उभा.
"मुनीमजी, सागाची एक फळी द्या. पगारातून कापा."
कशाला रे?
"फुलयले बसाले जागा नाही."

मला वाटलं, पाट करायचा असेल.

मग बिडी विझेस्तोवर त्यानं सांगितलं, तुटक तुटक :
मुंडा कोरून गावच्या झाडाखाली रोवला
की माणूस पितरांत जातं.
तोवर ते कुठंही बसतं.
आऱ्याच्या पट्ट्यावर. जेवणाच्या डब्याच्या काठावर.
"काल तुमच्या जळाऊच्या काट्यावर बसली होती.
काटा हालला,
तुम्ही म्हणाले, वारा आला."

म्हणालो होतो खरं.

रोज दुपारी, आरा बंद झाला की
भुशाच्या ढिगाआड पटाशीचा आवाज.
आधी सूर्य. मग चंद्र, जरा कललेला.
"राहू द्या जी, तिची मानही तशीच होती."
खाली घोडा, घोड्यावर बाई.
ती बसली होती का कधी घोड्यावर?
"ती? एष्टीत बसली तर अमरावतीवरून ओकत याची."
मग?
"मेल्यावर शिकतात."

रविवारी मी एकटाच अजब बंगल्यात गेलो.
काचेच्या पेटीत तसाच एक स्वार,
वर फडफडणारी ट्यूबलाइट,
पुठ्ठ्यावर टाइप केलेलं : स्मृतिफलक, लाकूड.
कोणाची स्मृती, ते नव्हतं.
मी काचेवर बोटानं टकटक केलं,
पहारेकरी खेकसला.
सोमवारी तुमलाला सांगितलं.
पटाशी थांबली.
"त्याच्या घोड्याले पाणी कोण दाखवते?"

फळीच्या कोपऱ्यात शिक्का होता.
तासून टाक म्हटलं, तर त्यानं
घोड्याचा पुठ्ठा नेमका तिथंच आणला.
"सरकारी घोडा," म्हणाला
आणि हसला. बावीस महिन्यांत पहिल्यांदा.

परवान्याशिवाय साग नाक्यावर जप्त होतो.
मी फॉर्म भरला.
नग : एक.
माल कुठून : नागपूर. कुठे :
इथं पेन अडलं,
कारण ओंडका आला होता परतवाड्याच्या डेपोतून,
ट्रकमध्ये आडवा पडून.
उपयोग : इमारती / जळाऊ, नको ते खोडा.
दोन्ही खोडलं.
शेठनं न वाचता सही केली.

दिवाळीनंतर तो परतला, पिशवीत माझ्यासाठी सीताफळं.
हरिसालच्या अलीकडं एष्टी बंद पडली, म्हणाला,
पुढं पायीच, फळी पाठीला बांधून.
रात्री नाक्यावर गार्डानं पोतं उघडलं,
परवान्यावर टॉर्च, मग घोड्यावर टॉर्च.
"कोण?"
तुमलानं नाव सांगितलं.
पायी माणूस दांड्याखालून वाकून जातो, नेहमीच जातो.
तरी गार्ड उठला,
दोर ओढून दांडा वर केला, पार वर.
"म्या म्हटलं, साहेब, जातो ना वाकून.
तर म्हणे, तू जाशील.
घोड्यावरच्या बाईनं कसं वाकावं?"

सीताफळं अजून कच्ची होती.
मी ती भुशात पुरून ठेवली.