दुसरी दांडी

पहिली गाडी शिरोली नाक्याजवळ.
पांढरी, धुतलेली, आत गुलाबाच्या अत्तराचा वास.
दलाल म्हणाला, अंबाबाईची आण, पुराचं पाणी बघितलं नाही हिनं.
दस्तगीर मिस्त्री काहीच बोलला नाही.
मागच्या सीटचा पट्टा धरला आणि ओढत गेला,
जिथवर कुणी कधी ओढत नाही तिथवर.
शेवटच्या वितीवर पंचगंगा होती,
वाळलेली, करडी, नखानं निघणारी.
‘चला,’ तो म्हणाला. ‘अत्तर मात्र झ्याक हाय.’

दुसरी राजारामपुरीच्या बोळात मावत नव्हती.
टायर छातीएवढे, टपावर दिव्यांची रांग, मागच्या काचेवर वाघ.
मालक पोरगा पंचविशीतला,
‘खटक्यावर बोट, ताई! डोंगर चढंल, डोंगर!’
मिस्त्रीनं गिअरशेजारची छोटी दांडी धरली.
हलेना.
दोन्ही हातांनी. हलेना.
बारा वर्षं ही वरातींच्या पुढं चालली होती,
चारही चाकं एकदाही एकत्र कामाला लागली नव्हती.
‘ती दांडी कशाला असती ओ?’ पोरानं विचारलं,
आणि खरंच विचारलं.

गेल्या फाल्गुनात भाड्याच्या पिकअपनं
चाळीस पेट्या पाटगावकडं नेल्या.
जांभूळ फुललेलं, गारगोटीच्या पुढं रस्ता उकरलेला,
ड्रायव्हरला पहाटे दुसरं भाडं.
सकाळी झाकणं उघडली तर अकरा पेट्यांत
पोळी मोडून तळाशी बसलेली,
आणि सातेरी स्वतःच्याच मधात बुडून मेलेल्या.
ओंजळीत घेतल्या.
दुपारपर्यंत हात धुतले नाहीत.

दीर म्हणतात, एवढी मोठी गाडी, माश्यांसाठी?
हो.
सव्वा टनाची ट्रॉली मागं, काळोख, घाट,
आणि ब्रेकवर पाय न देता
माणसाच्या चालीनं उतरणारं इंजिन.
किती पळते ते मी कुणालाच विचारलेलं नाही.

तिसरी उद्यमनगरात, लेथच्या शेडमागं.
बाटलीसारखी हिरवी, डाव्या दाराला पोचा, एसी बंद.
धरणाच्या कामावर होती.
भूपाल मगदूम, निवृत्त सर्व्हेअर, वही घेऊनच बसलेले:
ऑइल कधी, बेअरिंग कधी,
कुठल्या ओढ्यात रुतली, कुणाच्या बैलांनी काढली.
एका पानावर नुसतंच, ‘चूक माझी.’
छोट्या दांडीची मूठ घासून गुळगुळीत, वरची अक्षरं गेलेली.
‘तुम्हीच टाका,’ मिस्त्री म्हणाला.
क्लच. थांबले. खट्.
रात्री दाराला कडी बसावी तसा आवाज.

मग तो खाली सरपटत गेला, चेसिसवर हातोडी वाजवत,
इतका वेळ की मगदूमांनी दोनदा चहा मागवला.
‘ट्रॉलीचा आकडा चेसिसला बसवायचा,’ खालून आवाज आला,
‘बंपरला न्हाई. बंपर म्हंजे नुसती मिशी.’

साडेपाच, ते म्हणाले.
पाच, मी म्हटलं.
लेथ चालू होता, कुणीच बोललं नाही.
‘वही देणार असाल तर सव्वापाच.’
‘वही?’
त्यांनी ती थोडी स्वतःकडं ओढली.
मग पेन काढून आजची तारीख घातली, किलोमीटर लिहिले,
आणि माझ्याकडं न बघता दिली.

येताना कळंब्याच्या मागं, मुरमाच्या कच्च्या चढावर
दांडी लोमध्ये टाकली.
इंजिन गुरगुरतंय, गाडी जेमतेम सरकतेय.
सायकल हातात धरून चाललेला एक म्हातारा
मला मागं टाकून गेला, वळून हसला.
त्याला हसू दे.
शेजारच्या सीटवर पट्टा बांधून एक पेटी होती,
आत जुनं, ठिसूळ, एकच पोळं.

दारात उतरवली, झाकणाला कान लावला.
‘रिकाम्या पेटीला काय ऐकतीयास?’ दीर म्हणाले.