रेघेखालचं

कायानीच्या इस्पितळाचं पत्र आलं ऑगस्टच्या शेवटी:
नऊ ऑक्टोबर, सकाळी सात, उपाशीपोटी,
उजवा खुबा.
मी तारीख वाचली आणि आधी खिडकीतून
ओंडक्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

दोन हिवाळे पत्र्याखाली वाळलेला बर्च,
फोडायचा राहिलेला.
मागच्या वर्षी खुब्याने फोडू दिला नाही,
त्याआधी तौनोच्या आजारपणाने,
मग तौनोच्या नसण्याने.

मुलगा ओउलूहून फोनवर म्हणाला,
आई, विजेचे दोन हीटर घे.
घेईन म्हटलं.
जानेवारीत तारांवर बर्फ बसलं की वीज जाते,
हे त्याला ठाऊक आहे, इथेच वाढलाय.
पण फोनवर माणसं जरा जास्तच शहाणी होतात.

सहा आठवडे. दिवसाला तीस-चाळीस ओंडके.
उभं राहवेना तेव्हा गोठ्यातून
दूध काढायचं स्टूल आणलं
(गाई विकून अकरा वर्षं झाली, स्टुलाला वास आहे अजून)
आणि बसून फोडू लागले.

सरळ रेषांचं लाकूड गार सकाळी
नुसत्या धाकाने फुटतं.
पण जिथे फांदी खोडाला मिळते
तिथे कुऱ्हाड रुतून बसते,
रेषा एकमेकींत शिरलेल्या,
कुणी घट्ट वेणी घालून सोडायला विसरल्यासारख्या.
झाडाचाही खुबाच तो.
असे ओंडके मी बाजूला टाकत गेले.
डॉक्टरांनी एक्स-रेवर पेनाने दाखवलं होतं,
इथे कूर्चा उरली नाही, हाडावर हाड.
मी म्हटलं, असा एक ढीग आहे माझ्याकडे.
ते हसले नाहीत. तरुण आहेत.

तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या रायमोचा नातू ईलिस
ट्रॅक्टरमागे यंत्र जोडून आला, न विचारता.
मी म्हटलं, नको.
तो म्हणाला, आजोबांनी सांगितलंय,
नको म्हणाल्या तर ऐकू नकोस.
यंत्राने ते गाठींचे ओंडके दाबून दाबून फाडले.
फाटताना लाकूड ओरडलं.
मी कॉफी करायला आत गेले.
कॉफी कुणालाच नको होती.

जन्मभर लोक म्हणत आले,
ही मोडेल पण वाकायची नाही.
आता फिजिओथेरपीवाली, नातीच्या वयाची,
छापील कागद हातात देते:
तीन महिने वाकायचं नाही.
पायावर पाय टाकायचा नाही.
मोजे काठीने चढवायचे.
तौनो असता तर हा कागद
फ्रेम करून लावला असता त्याने.

म्हणून रचायच्या आधी शेडच्या भिंतीवर
खडूने रेघ ओढली, कमरेएवढ्या उंचीवर.
रेघेच्या वर या हिवाळ्याचं सरपण,
वाळकं, हलकं, एका हाताने उचलेल असं,
दुसऱ्या हातात कुबडी धरून.
गळ्यात अडकवायला पिशवी शिवली, चार लाकडांची.
सौनासाठी वेगळी चळत केली नाही,
जखम भरेपर्यंत सौना बंद.

आणि रेघेखाली?
रिकामं ठेवता येत नाही,
वरचे थर हवेवर उभे राहत नाहीत.
तिथे या वसंतात पाडलेला ओला बर्च भरला,
जड, अजून गोडसर वासाचा,
एक अख्खा उन्हाळा बघायचा राहिलेला.
ओल वर चढेल, मला कळतं.
मधे फळ्या टाकून हात शिरेल एवढी फट ठेवली.

ईलिसने शेवटचं लाकूड ठेवत विचारलं,
मग खालचं कसं काढणार?
वाकून, मी म्हटलं.
पुढच्या वर्षी.
त्याने मान डोलावली आणि हातमोजे विसरून गेला.

आठ तारखेला संध्याकाळी
शेगडी भरून ठेवली, पेटवली नाही.
खाली सालीच्या गुंडाळ्या, मग बारीक काटक्या,
वर तीन लाकडं.
काडेपेटी खिडकीच्या वरच्या फळीवर,
उभ्याने हात पोचेल तिथे.