जाड काचेचा पेला

तेवेतची नववी यंदा डिसेंबरअखेर आली.
विनिपेगला साडेचारलाच अंधार.
पेल्यातली वात धरेपर्यंत
बोट भाजून घेतलं,
तुझ्यासारखंच, झेलिग.

रात्री पाण्याला उठले
तर स्वयंपाकघरात तू जागा.

सकाळी दफनभूमीत गुडघाभर बर्फ.
खडा घरूनच नेला होता, कोटाच्या खिशातून.
थडग्यावर ठेवताना कोमट लागला.
बोलायचं काय, सुचेना.
बॉयलर दुरुस्त झाला,
एवढं सांगितलं.

संध्याकाळी वात विझली.
मेण खरवडून पेला धुतला,
ठेवला फळीवर
बाकीच्या सहांशेजारी.

फ्राइडल आली की रस त्यातूनच पिते.
आजी, हे पेले इतके जड का गं?

पडले तरी फुटत नाहीत, म्हणते मी,
आणि सांडलेलं पुसते.